वाकलेल्या पाठीचे माप

लॅपटॉप हाती आला त्या दिवशी आम्रपालीला बढती मिळाली, असे सगळे म्हणाले. आपली सकाळ कुणीतरी काढून घेते आहे, असे मात्र तिला एकटीलाच वाटले.

दोन वर्षे ती चिखलीच्या घरातून निघोज्याच्या कंपनीत सायकलने जात होती. अकरा किलोमीटर, पाऊण तास. निघताना पत्र्याच्या गाळ्यांची शटरे अजून खाली असत, चहाच्या टपऱ्यांवर पहिले आधण उकळत असे, आणि इंद्रायणीच्या पुलावर थंडीतले धुके असे काही पसरलेले असे, की नदी आहे की नुसतीच तिची आठवण, हे पलीकडे पोहोचेपर्यंत ठरत नसे. पुढे दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये चुकून राहून गेल्यासारखा कांद्याचा एक हिरवा तुकडा होता. त्याच्याशी आली, की ती न चुकता पायडल सोडून देई आणि तेवढा उतार सायकलला स्वतःच्या मनाने जाऊ देई. दिवसाचे बाकीचे सगळे तास कुणा ना कुणाचे होते. कंपनीचे, फोनचे, आईचे, झोपेचे. हा पाऊण तास तिचा होता. त्यात ती काही करत नसे, आणि म्हणूनच तो तिला पुरून उरत असे.

लाइनवर तपासनीस होती तोवर तिच्याबरोबर फक्त डबा असे आणि तो कॅरिअरला लटकत येई. आता तिच्याकडे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांचे काम आले. त्यांचे अहवाल वेळी-अवेळी येत, म्हणून लॅपटॉप घरी नेणे भाग होते. त्या रस्त्यावरच्या गतिरोधकांवर डब्यातली आमटीसुद्धा झाकण उचलून बाहेर डोकावायची. तिथे कॅरिअरला बांधलेला लॅपटॉप दोन दिवसही धड राहिला नसता.

"सायकल?" मंजुषा मॅडमनी चष्म्यावरून पाहिले. त्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्यांचे कौतुकही नोटिशीसारखे ऐकू येई. "अगं, कंपनीची बस तुझ्या चौकात येते. एसी आहे. माणसं तिच्यात झोपतात. सुखी असतात."

"मॅडम, मला झोपायचं नाहीये."

"बरं. मग ऐक. लॅपटॉप पाठीवर. कॅरिअरवर दिसला तर मी स्वतः काढून घेईन. आणि साडेआठची उभी मीटिंग. दोनदा उशीर झाला तर समजून घेईन. तिसऱ्यांदा झाला, की बसच्या यादीत तुझं नाव मी माझ्या हातानं लिहीन, आणि सायकलचा विषय संपला. पक्कं?"

"पक्कं," आम्रपाली म्हणाली.

उभी मीटिंग म्हणजे लाइन सुरू होण्याआधी फळ्यासमोर सगळ्यांनी उभ्या-उभ्या कालच्या चुका सांगायच्या. खुर्ची दिली, की माणूस चूक लांबवून सांगतो, असे मॅडमचे मत होते.

त्याच रविवारी आम्रपाली काळेवाडीला सनीच्या दुकानात गेली. सनी तिच्या मावशीचा मुलगा. त्याच्या दुकानात छतापासून जमिनीपर्यंत बॅगा लटकलेल्या असत आणि त्यांच्या दाटीतून त्याचा आवाज आधी यायचा, माणूस नंतर.

"ताई, तू फक्त बोट दाखव!"

"लॅपटॉप, डबा आणि एक ओढणी. सायकलवर न्यायचंय."

"सायकल? लॅपटॉपवाले लोक सायकलवर?" सनी बाहेर आला. "बरं, असू दे. फिटनेस. मग ही बघ. चौदा कप्पे. ही बॅग नाही ताई, टू बीएचके आहे. हा हॉल. हा बेडरूम. ही बाल्कनी. इथं चार्जर, इथं माउस, इथं पेन, इथं चष्मा..."

"मला चष्मा नाहीये."

"लॅपटॉपनं लागेल की! कप्पा आधीपासून तयार नको?"

आम्रपाली हसली आणि तिथेच फसली. तिला लहानपणापासून कप्प्यांचा मोह होता. जगातल्या सगळ्या गोष्टींना आपापली जागा मिळाली तर जग थोडे कमी दुखावेल, अशी काहीतरी तिची समजूत होती. संध्याकाळभर ती त्या बॅगेत वस्तू वसवत बसली. पेनाला घर मिळाले, सेफ्टी पिनांना मिळाले, बडीशेपेच्या डबीला मिळाले. वडिलांनी, कोंडीरामांनी, बॅग उचलून पाहिली, पट्टा उलटा करून आतली शिवण डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "हूं."

"काय हूं, पप्पा?"

"काही नाही. टाका लांब हाय. टिकायचा न्हाई."

आई, जाईबाई, स्वयंपाकघरातून म्हणाली, "लोकांना लॅपटॉप मिळाला, की लोक गाडी घेतात. आपली लेक तो पाठीवर घेऊन पायडल मारणार. एवढी शिकवली, त्याचा काय उपयोग!"

सोमवारी आठ वाजून सोळा मिनिटांनी आम्रपाली कंपनीच्या गेटवर पोहोचली, तेव्हा हाताशी चौदा मिनिटे होती आणि मनात नव्या बॅगेचा वास होता. गेटवर ज्ञानदेव होता. ज्ञानदेव निघोज्याचाच, आज जिथे ट्रक वळतात तिथे त्याच्या चुलत्याचा मळा होता, आणि म्हणून की काय, आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे तो बांधावरून पाहावे तसे पाहत असे. दिवाळीआधी कुणीतरी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून पितळी सुटे भाग बाहेर नेले होते. तेव्हापासून नियम निघाला होता, की येता आणि जाता प्रत्येक बॅगेची प्रत्येक चेन उघडून पाहायची. आजवर आम्रपालीच्या डब्याला हा नियम भेटलाच नव्हता.

"म्याडम, उघडा," ज्ञानदेव म्हणाला.

लॅपटॉपचा नंबर वहीतल्या नंबराशी जुळला. कॅमेऱ्यावर स्टिकर लागला. मग ज्ञानदेवने पहिली चेन ओढली, आणि चाळीत कांदा निवडावा तसा एकेक जिन्नस हातात घेऊन, फिरवून, परत ठेवू लागला.

"ह्यात काय हाय?"

"सेफ्टी पिना."

"आन् ह्यात?"

"बडीशेप. घ्या ना थोडी."

"ड्युटीवर न्हाई खात." त्याने डबी हुंगली, मिटली. "ह्यात?"

"त्यात काही नाही."

"काय न्हाई ते बी बगाया लागतंय."

मागे रांग वाढली. "ज्ञानूभाऊ, आटपा की राव! शिफ्ट संपंल आता!" कुणी ओरडले. "पूर्ण संसार आणलाय काय ताईनी?" दुसरा म्हणाला. आम्रपाली स्वतःच चेना उघडू लागली, पण घाईत कोणती उघडली आणि कोणती राहिली याचा हिशेब चुकला, आणि ज्ञानदेव शांतपणे पुन्हा पहिल्या चेनपासून सुरू झाला. तेरा झाल्या. सगळ्या झाल्या असे वाटून तिने बॅगेला हात घातला. तेवढ्यात त्याचा अंगठा पाठीकडच्या अस्तरात कुठेतरी अडकला.

"हा बगा. चवदावा." त्याच्या चेहऱ्यावर पहाट झाली. "लपून बसला व्हता."

ती फळ्यासमोर पोहोचली तेव्हा आठ तेहतीस झाले होते. मंजुषा मॅडमनी बोलणे न थांबवता एक बोट वर केले.

घरी तिने ही कथा सांगितली तेव्हा जाईबाई पदर तोंडाशी धरून हसत बसली. कोंडीराम हसले नाहीत. त्यांनी विचारले, "चवदा चेना जाताना, चवदा येताना?"

"हो."

"आधी निघालीस तर?"

"धुकं दाट असतं. ट्रक असतात," आईनेच उत्तर दिले. "ते चालायचं नाही."

"मग चेन एकच पायजे," कोंडीराम म्हणाले. "मी शिवतो."

कोंडीराम उदगीरकडून ऐन तारुण्यात इकडे आले आणि एकतीस वर्षे एका कंपनीत मोटारींच्या सीटची कव्हरे शिवत राहिले. शिवण विभागातल्या मशीनवर त्यांचा टाका डोळे मिटून ओळखता येई, असे त्यांचे जोडीदार सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी चिखलीतच एक गाळा घेतला आणि रिक्षांच्या गाद्या, मोटारसायकलींची सीटकव्हरे शिवू लागले. घरात कुणाला काही शिवून हवे, असे मात्र कधी झाले नव्हते. लेकीला रेक्झिनचे काय शिवून द्यायचे? त्यामुळे ही बॅग त्यांच्याकडे चालून आली ती उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी, आणि तिचा मान त्यांनी तसाच ठेवला.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी आम्रपालीला गाळ्यात स्टुलावर बसवले. पाठीमागे फळी उभी केली.

"टेक. ताठ. खांदे मागं."

त्यांनी निळ्या खडूने फळीवर तिच्या पाठीची रेघ मारली. मानेखालचा फुगवटा, कमरेपाशी आत गेलेली खोलगट जागा. लाकडी पट्टी फिरत राहिली, ओठांत आकडे पुटपुटले गेले. दारात साहेबराव रिक्षावाला उभा होता. "कोंडीरामभाऊ, माझी गादी सोमवारी देतो म्हणाला होतात."

"तुझी रिक्षा कुठं पळून चाललीय?"

"पळायला गादी तर पाहिजे!"

"दोन दिवस सतरंजी टाक. पोरीचं काम हाय."

मंगळवारी आणि बुधवारी आम्रपाली बसने गेली. बुधवारी सूर्य कलताना बॅग तयार झाली. काळे रेक्झिन, आतून गादीचा फोम, लाल दोऱ्याची दुहेरी शिवण इतकी सरळ, की जणू ती शिवलेली नव्हती, आधीपासून तिथे होती आणि कोंडीरामांनी फक्त उजेडात आणली. तीन बाजूंनी फिरणारी एकच चेन. ती ओढली, की बॅग पुस्तकासारखी दोन पानांत उघडे. एका पानावर लॅपटॉप, दुसऱ्यावर डबा आणि ओढणी. गाळ्यासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला कोंडीरामांनी ती उघडून दाखवली, मिटून दाखवली. साहेबराव सतरंजीवरून उतरून मुद्दाम पाहायला आला आणि आपली गादी विसरला.

गुरुवारी सकाळी ती निघाली. पहिल्या वळणापर्यंत सगळे ठीक होते. मग रस्ता मोकळा झाला, तिने सवयीने हँडलवर झुकून वेग घेतला आणि पुढे पाहायला मान वर केली. बॅगेच्या ताठ माथ्याने हेल्मेटला मागून ढकलले. हेल्मेट कपाळावरून घसरून डोळ्यांवर आले. तिने ते मागे सारले, पुन्हा झुकली, पुन्हा डोळ्यांपुढे अंधार. ताठ बसावे तर हात हँडलला पुरेनात. झुकावे तर पुढचे चाक आणि हातभर डांबर एवढेच दिसे. अकरा किलोमीटरचा तो रस्ता तिने त्या दिवशी हाताने मोजल्यासारखा पाहिला. पुलावर उतरून ती चालत गेली. नदीकडे पाहायचे राहूनच गेले.

गेटवर ज्ञानदेवने एकच चेन ओढली आणि खुश झाला. "ही ब्येस आनली." पण गेट गाठायलाच आठ एकोणतीस झाले होते. फळ्यासमोर मंजुषा मॅडमनी दोन बोटे वर केली, आणि ती जरा जास्त वेळ तशीच ठेवली.

संध्याकाळी कोंडीराम गाळ्याच्या पायरीवर वाट पाहत होते.

"कशी चालली?"

त्यांच्या चेहऱ्यावर असे काही होते, की खरे तिच्या तोंडून निघालेच नाही. "छान," ती म्हणाली. "सगळे विचारत होते, कुठून घेतली."

शुक्रवारी ती रोजच्यासारखी सायकलवर निघाली, चौकात भाजीवाल्या सोजरबाईच्या हातगाडीमागे सायकल लावली आणि मुकाट्याने बसमध्ये चढली. तिसरे बोट तिला पाहायचे नव्हते. बसमध्ये पडदे ओढलेले होते, माणसे खरोखरच सुखाने झोपली होती. पूल आला आणि गेला. तो तिला फक्त चाकांच्या बदललेल्या आवाजावरून कळला. कांद्याचा तुकडा तर आवाजही न करता मागे पडला. समोर पाहण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून ती पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिली. आणि पाहता पाहता तिला ओळख पटली. वरचा फुगवटा तोच. कमरेशी भरलेला उंचवटा तोच. उंचीही तीच. वडिलांनी बॅग म्हणून जे शिवले होते, ती सीट होती. फार सुंदर, फार जिवाने शिवलेली सीट, आणि आम्रपाली ती पाठीवर घेऊन फिरत होती.

हे तिला कळले, आणि हे त्यांना सांगणे आता अधिकच अवघड झाले.

संध्याकाळी तिने सायकल घेतली आणि गाळ्यापाशी आली. कोंडीरामांनी बॅग तिच्या पाठीवरून उतरवून टेबलावर घेतली. रोज एकदा हात फिरवल्याशिवाय त्यांना राहवत नव्हते. त्यांचा अंगठा वरच्या कडेवर थांबला. तिथे रेक्झिन पांढुरके झाले होते.

"हे काय घासलंय?"

"भिंतीला लागलं असेल."

"भिंतीला लागलं तर ओरखडा आडवा येतो. हे गोल हाय." त्यांनी तिच्या हातातून हेल्मेट घेतले आणि त्याची मागची कड त्या डागावर ठेवली. कड तंतोतंत बसली. त्यांनी हेल्मेट काढले, पुन्हा ठेवले. "मान वर करायलीस, आणि हे अडकायलंय. म्हणजे..." ते थांबले. "आमू, तू सायकलवर वाकायलीस?"

"माझ्या सायकलवर वाकावंच लागतं, पप्पा. हँडल खाली आहे तिचं."

कोंडीरामांनी बाहेर पाहिले. गाळ्याच्या भिंतीला त्यांची स्वतःची काळी, उंच, जुनी सायकल टेकून उभी होती. तिच्यावर माणूस खुर्चीवर बसावा तसा ताठ बसे. कंपनीत ते सारी वर्षे तिच्यावरूनच गेले होते.

"आणि आज मी बसनं गेले," आम्रपालीने एका दमात सांगून टाकले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"ते सकाळीच कळलं. सोजरबाईनं तुझ्या आईला मेथीबरोबर सांगितलं."

कोंडीरामांनी पाठ वळवली होती. त्यांचे खांदे हलू लागले, तशी ती घाईने एक पाऊल पुढे आली. मग आवाज आला. ते हसत होते. आधी घशात, मग पोटात, मग टेबलाला धरून.

"एकतीस वर्षं!" ते म्हणाले. "एकतीस वर्षं टेकलेल्या माणसाचंच माप घेतलं की गं. मागं टेकून आरामात चाललाय, एक हात खिडकीत. माझ्या बोटांना दुसरी पाठ ठावीकच न्हाई! मी तुझ्या पाठीवर ड्रायव्हरची सीट शिवली!"

"आणि मी ती हेल्मेटसकट वाहून नेली," आम्रपाली म्हणाली, आणि तीही त्या हसण्यात वाहत गेली. साहेबराव आत डोकावला. "काय झालं?"

"तुझी गादी रविवारनंतर," कोंडीराम डोळे पुसत म्हणाले. "आधी ही उसवायची."

रविवारी सकाळी गल्लीत ऊन उतरले तेव्हा माप घेण्याचा दुसरा कार्यक्रम झाला. या वेळी स्टूल नव्हते, फळी नव्हती. साहेबरावाने सायकलचे कॅरिअर दोन्ही हातांनी धरून ती उभी ठेवली, आम्रपाली हेल्मेट घालून तिच्यावर चढली आणि रस्त्यात असावी तशी झुकली. कोंडीराम गुडघ्यावर बसून, मग उभे राहून, मग डावीकडून, मग उजवीकडून पाहत राहिले. लेकीची पाठ त्यांनी हजारदा पाहिली असेल. शाळेला जाताना, कॉलेजला जाताना, दर सकाळी गल्लीच्या टोकाशी वळताना. ती कमानीसारखी अशी ताणली जाते आणि तिच्यात एवढी धाव असते, हे जणू ते पहिल्यांदाच पाहत होते.

"काय कोंडीरामभाऊ, सायकलला कव्हर का?" समोरून कुणी विचारले.

"सायकलवालीला!"

"आमूताई, फोटो काढू?" वरच्या मजल्यावरून शेजारची वर्षाली ओरडली.

"काढ, पण लवकर. माझी कंबर चाललीय!"

"तुझी कंबर? कंबर तर माझी चाललीय," साहेबराव म्हणाला. "रिक्षावाल्याला सायकल धरायला लावली या बापलेकींनी."

आणि गॅलरीतून जाईबाईचा आवाज आला, "अहो, भार कमरेवर घ्या. खांद्यावर नको. डोसक्यावर पाणी वाहिलेल्या बाईला विचारा की, वजन कुठं ठेवायचं ते!"

कोंडीरामांनी वर पाहिले. मग खडूची खूण चार बोटे खाली आणली.

दिवसभर गाळ्यात लाल दोरा उसवला गेला आणि पुन्हा शिवला गेला. बॅग बुटकी झाली, रुंद झाली. माथ्यावर हेल्मेटसाठी चंद्रकोरीसारखी खाच आली. पाठीकडच्या फोममध्ये मधोमध एक पाट सोडला, म्हणजे घाम साचू नये, वारा वाहावा. आणि कमरेला सीटबेल्टच्या उरलेल्या पट्टीचा पट्टा लागला. चेन तीच राहिली, एकच.

सोमवारी सकाळी आम्रपाली खाली उतरली तेव्हा कोंडीराम मफलर गुंडाळून काळी सायकल घेऊन उभे होते.

"तुम्ही कुठं?"

"मागून येतो. पाठ चालताना कशी वागते ते बसल्या जागी कळत न्हाई. एकदा कळलंय ते."

"अकरा किलोमीटर आहे पप्पा."

"मग? मी काय कधी पायडल मारलंच न्हाई?"

"जाऊ दे," जाईबाई दारातून म्हणाली. "घरात बसले तर दिवसभर घड्याळ बघत बसतील."

ते निघाले. पहिल्या वळणानंतर आम्रपालीने श्वास रोखून हँडलवर झुकून मान वर केली. हेल्मेटची कड त्या खाचेत अलगद उतरली आणि तिच्यापुढे सगळा रस्ता उघडला. विजेच्या तारा, तारांवरचे पक्षी, गाळ्यांच्या पत्र्यांवर पेटत चाललेले ऊन. पाठीवर ओझे होते, पण ते तिच्याबरोबर वळत होते, तिच्याबरोबर झुकत होते. तिने गिअर वाढवला. मागून काळ्या सायकलची घंटी वाजली.

"खांदा सैल सोड!"

"सोडला!"

"पट्टा टोचतोय का?"

"नाही!"

"खरं सांग!"

"खरंच नाही!" ती ओरडली, आणि रस्त्याने चाललेला एक दूधवाला वळून हसला.

पुलावर आल्यावर मागचे प्रश्न थांबले. एवढा वेळ शांतता कशी, म्हणून तिने वेग कमी करून वळून पाहिले. कोंडीराम पायडल थांबवून कठड्याशी उभे होते. ते तिच्या पाठीकडे पाहत नव्हते, बॅगेकडे पाहत नव्हते. धुक्यातून नदी एका जागी उघडी पडली होती, त्या जागेकडे त्यांचे तोंड होते. मफलर सुटून लोंबत होता, चेहरा वाऱ्याने लाल झाला होता. आपल्यावर कुणाची नजर आहे हे कळताच त्यांनी घाईने मफलर सावरला.

"चल, चल! थांबलीस कशाला? उशीर करतीस!"

कांद्याच्या तुकड्यापाशी उतार आला. आम्रपालीने पायडल सोडले. क्षणभराने मागचीही साखळी गप्प झाली, आणि बापलेक तेवढा उतार सायकलींच्या मनाने खाली गेले.

गेटवर घड्याळात आठ वाजून नऊ मिनिटे झाली होती. कोंडीराम रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी थांबले. ज्ञानदेवने बॅग टेबलावर घेतली, चेन ओढली आणि दोन्ही पाने उघडली. लॅपटॉप, डबा, ओढणी. त्याने वहीतला नंबर जुळवला, स्टिकर लावला, मग बॅगेवरून, खाचेवरून, मधल्या पाटावरून हात फिरवला. हा हात तपासणीचा नव्हता.

"बदलली काय वो?"

"हो. पुन्हा शिवली."

"येवडंच?"

"एवढंच."

"मंग चाला की," तो म्हणाला, आणि आवाजात किंचित निराशा होती.

तिने बॅग पाठीवर चढवली, कमरेचा पट्टा खटकन लावला. वीस मिनिटे शिल्लक होती. तिसरे बोट आज वर होणार नव्हते, उद्याही नाही. वीस मिनिटांचे काय करावे हे तिला सुचेना, इतक्या वेळेची तिला सवय नव्हती. तेवढ्यात रस्त्यापलीकडून हाक आली.

"आमू! ए आमू!" कोंडीराम चहाचा कागदी कप उंच धरून ओरडत होते. "डावा पट्टा! अर्धा इंच खाली हाय!"

रांगेतली माणसे तिच्या डाव्या खांद्याकडे पाहू लागली.

"कोन हायत?" ज्ञानदेवने विचारले.

"माझे वडील. बॅग त्यांनीच शिवलीये."

ज्ञानदेव टेबलामागून बाहेर आला. दोन पावले मागे सरून, एक डोळा मिटून त्याने तिची पाठ बांधाची रेघ पाहावी तशी पाहिली आणि रस्त्यापलीकडे हात केला. "बराबर हाय की वो!"

"न्हाई!" तिकडून आले. "अर्धा इंच!"

"पाव इंच म्हना फार तर!"

"तुमी सरळ उभं राहून बघायलात! तिला वाकवून बघा!"

"म्याडम, जरा वाका बरं," ज्ञानदेव म्हणाला.

"ज्ञानूभाऊ, रांग!" मागून कुणी कळवळून म्हणाले, पण तोही मान वाकडी करून पट्टाच पाहत होता.

आम्रपाली वाकली नाही. हसून हसून तिला वाकता येईना. "पप्पा, जा आता घरी!" ती ओरडली.

"जातो! पण उद्या परत येतो," कोंडीराम म्हणाले आणि कप खाली ठेवून त्यांनी सायकलवर टांग टाकली. "एका दिवसात पट्ट्याचं काही कळत न्हाई!"

ते वळले. काळ्या सायकलवर ताठ बसलेली त्यांची पाठ कांद्याच्या तुकड्याच्या दिशेने चढ चढू लागली, आणि आम्रपाली गेटच्या आत उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. मग ती आत गेली. फळ्यासमोर अजून कुणीच आले नव्हते. मंजुषा मॅडम आल्या तेव्हा ती तिथे एकटीच उभी होती, बॅग अजून पाठीवर, डाव्या पट्ट्यावर बोट. तो खरोखरच अर्धा इंच खाली होता.